मोठ्या आतड्याचा कॅन्सर, चौथी स्टेज: 'किती दिवस' हे नेमकं कशावर ठरतं?

गोदातीर (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज विचारायला आलोय.

बाबा ६१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. शौचावाटे रक्त जायचं, ते मूळव्याध समजून बरेच महिने मलमावर काढले. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या डावीकडच्या खालच्या भागात, गाठ निघाली. सीटी स्कॅनमध्ये यकृतात दोन्ही बाजूंना मिळून सहा डाग आहेत. फुप्फुसं स्वच्छ. सीईए (रक्तातली कॅन्सरची एक खूण) १४०. बाबा अजून रोज सकाळी देवळापर्यंत चालत जाऊन येतात.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन "साधारण दोन-अडीच वर्षं" असं सांगितलं. काकांच्या ओळखीचे एक डॉक्टर फोनवर "सहा महिने धरून चला" म्हणाले. आणि शेजारच्या काकू म्हणतात, त्यांच्या मेहुण्यांना हेच झालं होतं, तेही लिव्हरमध्ये पसरलेलं, त्याला नऊ वर्षं झाली, गडी ठणठणीत आहे.

यातलं खरं काय धरायचं? आणि दुसरं, डॉक्टर आतड्यातली गाठ न काढता थेट केमो सुरू करा म्हणतायत. घरात यावरून रण माजलंय. "मूळच नाही उपटलं तर उपयोग काय" असं आत्याचं म्हणणं.

---

टाचणी | रविवार, रात्री १०.४०

वाचते आहे. बाबांना बळ मिळो. इथे 'मुक्काम_लीड्स' आणि 'रात्रपाळी' हे दोघं जाणकार आहेत, त्यांना व्यनि (खासगी निरोप) केलाय.

---

मुक्काम_लीड्स | सोमवार, पहाटे २.०५

टाचणीताईंनी हाक मारली म्हणून आलो. मी इंग्लंडात ऑन्कॉलॉजीत काम करतो, पण तुमच्या बाबांचा डॉक्टर नाही. त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या प्रकारच्या रुग्णांबद्दल आहेत. सहा महिने हा जवळजवळ उपचारच न झालेल्या लोकांचा जुना आकडा. १९९०च्या दशकापर्यंत आमच्या हातात फाइव्ह-एफयू हे केमोचं जुनं औषध सोडून फारसं काही नव्हतं, त्यावर मीडियन (म्हणजे काय ते खाली सांगतो) वर्षभराच्या आसपास जायची. २०००च्या आगेमागे इरिनोटेकन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही केमोची औषधं आली आणि ती वीस महिन्यांकडे सरकली. मग बेव्हासिझुमॅब, सेटुक्सिमॅब वगैरे नेमक्या लक्ष्यावर मारा करणारी इंजेक्शनं. आता मोठ्या चाचण्यांमध्ये तीस महिन्यांच्या आसपास मीडियन दिसते. तुमच्या डॉक्टरांची दोन-अडीच वर्षं तिथून आली. शेजारणीचे मेहुणे बहुधा अशांपैकी, ज्यांच्या यकृतातल्या गाठी शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आल्या. नीट निवडलेल्या रुग्णांमध्ये अशा शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी शंभरातले चाळिसेक जण हयात असतात, दहा वर्षांनी वीसच्या आसपास. या कर्करोगात दहा वर्षांनी हयात असणं म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत बरं होणंच.

मीडियन म्हणजे शंभर रुग्ण आयुष्याच्या क्रमाने ओळीत उभे केले तर मधल्याचा आकडा. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे, आणि पलीकडची रांग फार लांबपर्यंत जाते. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दूरवर पसरलेल्या कोलन कॅन्सरचे पाच वर्षांनी शंभरात तेराच्या आसपास लोक जगतात. हे तेरा जण नशिबाची चिठ्ठी निघून तिथे पोहोचत नाहीत. त्यांच्यात काही गोष्टी समान असतात.

सगळ्यात वजनदार गोष्ट एकच: जे पसरलंय ते सगळंच्या सगळं काढता येईल का, आज नाही तर केमोने आकसल्यावर तरी? त्यानंतर, पसरलंय कुठे. फक्त यकृत किंवा फक्त फुप्फुस असेल तर परिस्थिती बरी, एकापेक्षा जास्त अवयव असतील तर तेवढी नाही, आणि पोटाच्या अस्तरावर (पेरिटोनियम) पसरलं असेल तर सगळ्यात अवघड. स्टेजच्या वर्गीकरणातही म्हणूनच ४अ, ४ब, ४क असे भाग केलेत. मग गाठीची जनुकं. आणि माणूस किती हिंडता-फिरता आहे. बाबा देवळापर्यंत चालत जातात हे तुम्ही सहज लिहिलंत, पण मी तुमच्या पोस्टमधलं ते वाक्य सीईएच्या आकड्याआधी वाचलं. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात असलेला रुग्ण आणि स्वतःची कामं स्वतः करणारा रुग्ण, यांच्या निकालात औषध तेच असूनही मोठा फरक पडतो.

आतड्याची बाजूसुद्धा मोजली जाते. उजवा आणि डावा भाग गर्भात वेगळ्या ठिकाणांहून तयार होतो, रक्तपुरवठा वेगळा, गाठींची जनुकंही बरीचशी वेगळी. अमेरिकेतल्या ८०४०५ क्रमांकाच्या चाचणीत डावीकडच्या रुग्णांची मीडियन ३३.३ महिने आली, उजवीकडच्यांची १९.४. २०१६ साली हे मांडलं गेलं तेव्हा आम्ही बरेच जण आ वासून बघत राहिलो होतो, कारण तोवर बाजू ही शस्त्रक्रियेपुरती बाब समजली जायची. बाबांची गाठ डावीकडे आहे.

---

तिरकस_रेघ | सोमवार, सकाळी ९.२०

लीड्सकर, प्रतिसाद उत्तम, पण एक टाचणी टोचतो (टाचणीताई, तुम्ही नव्हे). ते तीस महिने कुणाचे? चाचणीत घेताना धडधाकट लोकच घेतात ना? किडनी बरी, लिव्हर बरं, चालता-बोलता, दर पंधरा दिवसांनी वेळेवर हजर. आमच्याकडे सरकारी दवाखान्यात सीटीची तारीख मिळेपर्यंत पेशंटचं वजन दहा किलोंनी उतरलेलं असतं. तो आकडा इथे जसाच्या तसा लावणं ही फसवणूक नाही का?

---

मुक्काम_लीड्स | सोमवार, दुपारी १.३३

फसवणूक नाही, पण अपुरं जरूर आहे. चाचणीबाहेरच्या सर्वसामान्य रुग्णांचे आकडे कमीच येतात, इंग्लंडातसुद्धा. तुमचं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. वजन उतरणं, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी असणं, हे स्वतंत्रपणे वाईट लक्षण आहे. २००२ साली कोह्ने आणि सहकाऱ्यांनी हजारोंच्या नोंदी तपासून साधा हिशोब मांडला होता: रुग्णाची हिंडण्या-फिरण्याची ताकद, पांढऱ्या पेशी, अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातलं एक एन्झाइम) आणि किती अवयवांत पसरलंय. चारही गोष्टी तालुक्याच्या लॅबमध्ये आणि डोळ्यांनी कळणाऱ्या. जनुकांच्या गप्पांमध्ये आपण हे विसरतो.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.५०

सर्जरीत आहे, नावाप्रमाणे आत्ता मोकळा झालो. आत्यांच्या प्रश्नावर बोलतो, कारण हा प्रश्न दर ओपीडीत येतो.

गाठीमुळे आतडं बंद पडत नसेल (म्हणजे शौच अडकत नसेल), फुटत नसेल, फार रक्तस्राव होत नसेल आणि यकृतातले डाग आज काढण्यासारखे नसतील, तर गाठ आधी काढून आयुष्य वाढत नाही. हे आता अंदाजपंचे राहिलेलं नाही. जपानमध्ये थेट तुलना झाली: आधी गाठ काढून मग केमो, विरुद्ध सरळ केमो. मीडियन २५.९ आणि २६.७ महिने, म्हणजे काहीच फरक नाही. युरोपातल्या चाचणीतही तेच. उलट ऑपरेशनमध्ये गुंतागुंत झाली तर केमो महिना-दोन महिने लांबते आणि तोवर यकृतातलं वाढत राहतं. आत्यांना सांगा, मूळ उपटायचंय, पण फांद्यांनी छप्पर फोडायच्या आधी फांद्या आवरायच्यात.

आता यकृत. सहा डाग, दोन्ही बाजूंना, म्हणजे हातातून गेलं असं नाही. पूर्वी आम्ही डाग मोजायचो: तीनपेक्षा जास्त, सोडून द्या. आता आम्ही उलटं मोजतो. सगळं काढल्यावर उरेल काय? निरोगी यकृत असेल तर साधारण वीस टक्के उरलं तरी चालतं, बरीच केमो झालेली असेल तर तीस टक्के लागतं. उरणारा भाग लहान असेल तर दुसऱ्या बाजूची रक्तवाहिनी बंद करून तो काही आठवड्यांत वाढवता येतो. कधी दोन टप्प्यांत ऑपरेशन करतात, कधी खोलवरचा लहान डाग सुईने जाळतात.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाँग यांनी पाच प्रश्नांची यादी दिली होती, ती अजून वापरात आहे: मूळ गाठीजवळच्या लसिका ग्रंथींत रोग होता का, वर्षाच्या आत यकृतात आला का, एकाहून जास्त डाग आहेत का, सर्वांत मोठा पाच सेंमीच्या वर आहे का, सीईए २००च्या वर आहे का. जितकी 'हो' जास्त, तितकी परत उलटण्याची शक्यता जास्त. बाबांना दोन 'हो' नक्की आहेत (एकाहून जास्त, आणि सुरुवातीपासूनच). सीईएला 'नाही'. बाकीचं रिपोर्टात बघा.

एक कळकळीचं: तुमचे सीटी यकृताच्या सर्जनला दाखवा, केमो सुरू व्हायच्या आधी किंवा निदान सुरू असताना. इंग्लंडातल्या एका अभ्यासात 'फक्त दिलासादायक केमो' असा शिक्का बसलेल्या, रोग यकृतापुरताच असलेल्या रुग्णांचे स्कॅन यकृततज्ज्ञ सर्जननी पुन्हा पाहिले. निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता त्यांना दिसली! स्कॅन तेच, बघणारे डोळे वेगळे.

आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा दाखवा. "केमो छान लागू पडतेय, आणखी सहा देऊ" असं करत राहिलं की ऑक्सॅलिप्लॅटिनने यकृत सुजून निळसर पडतं, इरिनोटेकनने चरबी धरतं, आणि डाग सीटीत दिसेनासे होतात. दिसेनासे म्हणजे मेले असं नव्हे. मग कापायचं कुठे हेच कळत नाही.

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७.१५

आईला उजवीकडचा होता. थकवा आणि हिमोग्लोबिन ७, एवढंच. लोहाच्या गोळ्या दिल्या सगळ्यांनी. निदान झालं तेव्हा पोटात पसरलेलं.

जिथे उपचार घेतले तिथे (नाव लिहीत नाही) पहिली केमो संपून रोग पुन्हा वाढेपर्यंत जनुकांची चाचणी झाली नाही. मग कळलं बीराफ नावाच्या जनुकात बिघाड आहे. तोवर आईची औषध सोसायची ताकद संपली होती. चाचणी आधी झाली असती तर काय झालं असतं, हे मी स्वतःला विचारणं सोडून दिलंय. पण गोदातीर, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.

---

मुक्काम_लीड्स | मंगळवार, दुपारी २.४८

उंबरठा, लिहिलंत याबद्दल आभार.

बायोप्सीचा जो ठोकळा पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो त्याच्यावरच या चाचण्या होतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. किमान तीन गोष्टी: एमएमआर (किंवा एमएसआय), रास (केरास आणि एनरास ही जनुकं), बीराफ. जमलं तर हर-टू हे जनुकसुद्धा.

एमएमआर सगळ्यात स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात आधीची. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं आहेत का नाहीत एवढंच रंग लावून बघतात. चौथ्या स्टेजमध्ये शंभरात चार-पाच रुग्णांत ती हरवलेली असतात. पण त्या चार-पाच जणांचं जगच बदलतं. त्यांना केमोऐवजी पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) दिलं तेव्हा रोग आटोक्यात राहण्याची मीडियन ८.२ महिन्यांवरून १६.५ वर गेली (२०२०). पुढे निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही त्याच जातीची औषधं जोडीने दिली तेव्हा दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांत रोग वाढलेला नव्हता, केमो घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के. माझ्या ओपीडीत असे लोक आहेत ज्यांच्याकडे बघून मला स्कॅन पुन्हा उघडून खात्री करावी लागते. आणि ज्यांच्यात ही प्रथिनं नाहीत त्यांच्यात लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालत आलेला दोष, आहे का हेही बघावं लागतं, भावंडांसाठी.

रास बिघडलेलं असेल तर सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही महागडी इंजेक्शनं कामच करत नाहीत. हे २००८ पासून माहीत आहे. तरीही रिपोर्ट येण्याआधी ती लिहून दिलेली मी पाहिली आहेत. रास ठीक असेल आणि गाठ डावीकडे असेल तर मात्र हीच औषधं सर्वांत उपयोगी: जपानमधल्या पॅराडाइम चाचणीत डाव्या बाजूला पॅनिटुमुमॅबवर ३७.९ महिने, बेव्हासिझुमॅबवर ३४.३. उजवीकडच्यांना तो फायदा मिळाला नाही.

बीराफ व्ही-६००-ई शंभरात आठ-दहा जणांत सापडतं. हे इतकी वर्षं सगळ्यात निराशाजनक होतं, वर्षभराच्या आसपास. २०२५ मध्ये ब्रेकवॉटर चाचणीचे निकाल आले. पहिल्यापासून केमोसोबत एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब दिल्यावर मीडियन ३०.३ महिने, नेहमीच्या उपचारावर १५.१. म्हणजे दुप्पट. म्हणून चाचणी पहिल्या केमोच्या आधी किंवा सोबतच.

---

निसर्गसखा | मंगळवार, सायंकाळी ६.०२

एवढं विष शरीरात घालण्यापेक्षा साखर, मैदा, दूध बंद करा. कॅन्सर साखरेवर जगतो हे विज्ञानच सांगतं. गुळवेल, हळद, गोमूत्र अर्क, तीन महिन्यांत फरक. माझ्या परिचयातील अनेक रुग्ण.

---

तिरकस_रेघ | मंगळवार, सायंकाळी ६.१०

"परिचयातील अनेक रुग्ण" यांची मीडियन किती म्हणे?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८.३०

रेघबुवा, जरा दमानं.

निसर्गसखा, अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतून येल विद्यापीठाच्या लोकांनी केलेला २०१८ चा अभ्यास आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे जे रुग्ण फक्त पर्यायी उपचारांवर राहिले, त्यांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या साडेचारपट होता. आणि हे न पसरलेले रुग्ण होते, म्हणजे बरे होऊ शकणारे.

गुळवेलीबद्दल: कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, तो वाद चालू द्या. पण ज्या माणसाच्या यकृतात सहा डाग आहेत आणि ज्याचं उरलेलं यकृत मला ऑपरेशनसाठी शाबूत हवंय, त्याच्यावर हा प्रयोग मी करणार नाही. घरच्या भाजीतली हळद खुशाल खा.

---

पोळीभाजी | मंगळवार, रात्री ९.१४

आहारतज्ज्ञ आहे, आता मला राहवत नाही. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात म्हणून पेट स्कॅन चमकतो हे खरं, पण आपण गोड खाल्लं नाही तरी यकृत रक्तातली साखर तयार करत राहतं, स्नायू वितळवून! आणि स्नायू कमी झालेल्या रुग्णांना केमो जास्त बाधते, डोस कमी करावे लागतात, आयुष्यही घटतं.

मधुमेह नसेल तर बाबांना शिरा द्या. साजूक तूप घालून मऊ खिचडी, अंडी, दही, पनीर, मासे चालत असतील तर मासे, डाळीचं पाणी नव्हे तर डाळ. एकावेळी पोटभर जात नसेल तर दर दोन तासांनी वाटीभर. संकष्टी, एकादशी सध्या देवाला सांगून सोडा. घरातल्या बायका यावरून नाराज होतात, मला अनुभव आहे, डॉक्टरांच्या तोंडून सांगवा. फक्त आतड्यात अडथळा असेल तर सालं, बिया, कच्च्या कोशिंबिरी टाळाव्यात. ते सर्जनना विचारून.

चालणं सोडू देऊ नका. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात ८८९ रुग्णांवर व्यायामाची मोठी चाचणी झाली, २०२५ मध्ये छापून आली. केमोनंतर शिस्तीत व्यायाम करवलेल्यांपैकी आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात होते, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांपैकी ८३.२. ती तिसऱ्या स्टेजची आणि दुसऱ्या स्टेजमधल्या जोखमीच्या लोकांची होती, चौथीची नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर लीड्सकर माझा कान धरतील.

---

परदेशस्थ_पावटा | बुधवार, सकाळी ६.४०

बाप रे, किती शिकायला मिळतंय. चॅडविक बोसमनला तिसऱ्या स्टेजला कळलं होतं ना (२०१६)? चार वर्षांत गेला, वयाच्या ४३व्या वर्षी. आपला इरफानही यातच गेला.

मला विचारायचंय, लिव्हर काढता येत नसेल तर नवीनच बसवत का नाहीत?

---

मुक्काम_लीड्स | बुधवार, दुपारी १२.२६

इरफान खान यांना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर होता, तो वेगळा आजार. शेवटी आतड्याच्या संसर्गाची बातमी आली म्हणून हा गोंधळ सगळीकडे झालाय.

बोसमन यांच्यावरून आठवलं. भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी, पण टाटामध्ये येणाऱ्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे आणि सिग्नेट रिंग नावाचा आडदांड प्रकार तिकडे जास्त दिसतो. तो पोटाच्या अस्तरावर पसरायला बघतो. त्यामुळे चाळिशीतलं रक्त जाणं मूळव्याध म्हणून सोडून देऊ नये.

यकृतरोपण होतं, हो. ओस्लोच्या लोकांनी हे चिकाटीने लावून धरलं. २०२४ मध्ये फ्रान्समधून ट्रान्समेट चाचणीचे निकाल आले: केमो आणि रोपण दोन्ही ठरवलेल्यांमध्ये पाच वर्षांनी ५६.६ टक्के हयात, नुसत्या केमोवर १२.६. पण निवड किती कडक! फक्त यकृतातच रोग, मूळ गाठ आधीच काढलेली, बीराफ नको, केमोने रोग काही महिने आटोक्यात राहिलेला हवा. एकूण ९४ रुग्ण. भारतात यकृतदान बहुतेक घरच्या जिवंत माणसाकडून होतं, म्हणजे मुलाला किंवा बायकोला ऑपरेशन टेबलावर झोपवायचं. मी तो विषय घरात पहिल्या महिन्यात काढणार नाही.

पोटाच्या अस्तराबद्दल कुणी विचारलं नाही, तरी: गरम केमोने पोट धुण्याची (हायपेक) जाहिरात फार होते. फ्रान्सच्या प्रोडिज ७ चाचणीत सगळा रोग खरवडून काढल्यावर हायपेक केलेल्यांची मीडियन ४१.७ महिने, न केलेल्यांची ४१.२. फायदा होता तो सर्जनच्या हातांचा.

---

गोदातीर | बुधवार, रात्री ११.०३

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. रिपोर्ट आले. एमएमआर शाबूत (म्हणजे इम्युनोथेरपीचा फायदा नाही, बरोबर?), केरास बिघडलेलं, जी-१२-डी लिहिलंय, बीराफ ठीक. मुंबईतल्या एका यकृताच्या सर्जननी स्कॅन बघितले. "आज नाही, पण चार सायकलनंतर एमआरआय घेऊन माझ्याकडे या" म्हणाले. आत्यासुद्धा आता केमोला तयार आहे. फांद्यांचं पटलं तिला.

बाबांना किती सांगायचं हे अजून ठरत नाहीये. आई म्हणते काहीच नको.

---

मुक्काम_लीड्स | गुरुवार, पहाटे १.५१

बरोबर वाचलंत. केरास बिघडलंय म्हणून सेटुक्सिमॅब नाही. केमो आणि सोबत बेव्हासिझुमॅब असं बहुधा ठरेल. सर्जरीचा विचार असेल तर बेव्हासिझुमॅब ऑपरेशनच्या पाच-सहा आठवडे आधी थांबवतात, नाहीतर जखम भरत नाही. ही तारीख दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलून ठरवू द्या. तीन औषधांची केमो (फॉलफॉक्सिरी) डाग जास्त आकसवते पण झोडपतेही जास्त, ६१ वर्षांच्या चालत्या माणसात विचारायला हरकत नाही.

आणि केपसिटाबिन (फाइव्ह-एफयूचंच गोळीतलं रूप) किंवा फाइव्ह-एफयूच्या आधी डीपीडीची तपासणी होते का ते विचारा. काही लोकांच्या शरीरात हे औषध पचवणारं एन्झाइम कमी असतं, त्यांना पहिल्याच डोसात जीवघेणे जुलाब होऊ शकतात. युरोपात २०२० पासून ही तपासणी आधी करायची शिफारस आहे.

बाबांना सांगण्याबद्दल: काय माहीत करून घ्यायला आवडेल हे त्यांनाच विचारा. एसटीत आयुष्य काढलेला माणूस, रस्ता खराब आहे हे त्याला कळलेलं असतं. आकडा सांगायची गरज नाही. "आता औषध, मग ऑपरेशन जमतंय का बघू" हे खरंच आहे, तेवढं पुरतं.

---

हिंगोलीकर | गुरुवार, सकाळी १०.३७

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. गावाकडून येऊन-जाऊन केमो संपवलेला माणूस आहे आमच्या घरात. फॉलफॉक्सला (ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू) पोर्ट, म्हणजे कातडीखाली औषधाची नळी, बसवावा लागतो आणि ४६ तास पंप लावून राहावं लागतं, दर पंधरा दिवसांनी. कॅपॉक्समध्ये (ऑक्सॅलिप्लॅटिन आणि केपसिटाबिन) तीन आठवड्यांतून एकदा सलाइन आणि बाकी दोन आठवडे गोळ्या घरी. परिणाम साधारण सारखाच, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्हाला ते परवडलं. तळहात-तळपाय सोलतात मात्र, आणि ऑक्सॅलिप्लॅटिनने थंड पाणी घशात काटे टोचल्यासारखं लागतं. फ्रिजला हात लावू देऊ नका.

महात्मा फुले योजनेत केमो बसते, रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा दाखला लागतो. मुंबईत राहायचं झालं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधी विचारून बघा. टाटाशी जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे, कागद पाठवून दुसरं मत मिळतं, फेरा वाचतो.

लीड्स साहेब, खर्च पेलवेना म्हणून मधेच उपचार सोडणं, हे तुमच्या यादीत कितव्या नंबरला?

---

मुक्काम_लीड्स | गुरुवार, दुपारी १.१९

भारतात असतो तर वरून दुसऱ्या नंबरला लिहिलं असतं.

---

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४.२०

जाता जाता व्यवहाराचं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये ७६६ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला: पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांनी आपला त्रास ऑनलाइन नोंदवायचा आणि तो वाढला की नर्सने फोन करायचा. मीडियन २६ वरून ३१.२ महिन्यांवर गेली. त्यात आतड्याचे रुग्ण नव्हते. पण पाच महिने जास्त देणारी महागडी इंजेक्शनंसुद्धा फारशी नाहीत, हे लक्षात घ्या.

म्हणून एक वही करा. रोजचं वजन, ताप, किती वेळा शौच, किती खाल्लं, हातापायाला मुंग्या. मुंग्या वाढून शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली तर ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवतात, बाकीची औषधं चालू ठेवून. "सांगितलं तर केमो बंद करतील" म्हणून बाबा लपवतील, सगळे लपवतात.

केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी दवाखान्यात. जुलाब दिवसाला नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले तर केपसिटाबिनची गोळी थांबवून फोन. पोट फुगलं, उलट्या, वारा सरत नाही, तर माझ्यासारखा कुणीतरी जागा असतो, थेट कॅज्युअल्टीत या. आणि दवाखान्याचा रात्रीचा नंबर आजच विचारून घ्या, ओपीडीचा नव्हे.